छोट्या होडीसाठी पुढचं शीड आणि रोलर फर्लिंग

पुढच्या शिडाचं माप टक्क्यांत सांगतात. शिडाच्या मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेवर टाकलेल्या लंबाला डोलकाठी ते फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरून ठेवणारी तार) या डेकवरच्या अंतराने भागायचं. अंतर ३ मीटर आणि लंब ४.०५ मीटर, म्हणजे १३५ टक्के. फर्लरवर (शीड फोरस्टेभोवती गुंडाळणाऱ्या यंत्रावर) एकच शीड ठेवायचं असेल तर आमची पसंती १३५ लाच. १५० टक्क्यांचं शीड मंद वाऱ्यात छान ओढतं, पण जोराच्या वाऱ्यात फार गुंडाळावं लागतं, मध्ये फुगतं आणि होडी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने नीट चढत नाही. पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवून घेतली तर हा फुगवटा बराच कमी होतो. शीड गुंडाळलं की शीटचा (शिडाचा मागचा कोपरा ओढून धरणाऱ्या दोरीचा) ब्लॉक, म्हणजे कप्पी, पुढे सरकवायलाच हवा.

फर्लर अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) फोरस्टेभोवती गुंडाळला जाणं. वरच्या स्विव्हलपासून (शीड आणि हॅलयार्ड जोडणाऱ्या फिरत्या सांध्यापासून) हॅलयार्ड फोरस्टेला समांतर न जाता साधारण १० अंशांनी मागे, डोलकाठीकडे जायला हवा. तसं होत नसेल तर डोलकाठीवर रिस्ट्रेनर (हॅलयार्डला डोलकाठीकडे धरून ठेवणारा भाग) बसवा. शीड आखूड असेल तर वर वायरचा तुकडा जोडून स्विव्हल योग्य उंचीवर न्या. अडकलेला फर्लर विंचने (दोरी ओढायच्या चरकाने) कधीही ओढू नका. फोरस्टेच्या तारा पिळून तुटतात आणि डोलकाठी कोसळू शकते.

फर्लिंगची, म्हणजे शीड गुंडाळायची, दोरी ड्रममध्ये (फर्लरच्या तळाच्या रिळात) फोरस्टेशी काटकोनात शिरावी. शीड पूर्ण गुंडाळून त्यावर शीटचे २-३ वेढे बसल्यावरही ड्रमवर दोरीचे ३-४ वेढे उरले पाहिजेत. शीड उघडताना ही दोरी किंचित ताणून धरा, नाहीतर वेढे सैल पडून एकमेकांत रुततात.