निळ्या नक्षीची जुनी इंग्रजी बशी: आधी ओळखा, मग धुवा

गोव्यातल्या जुन्या घरांत चिनी भांडी आणि चिनी नक्षी उतरवलेली इंग्रजी भांडी एकाच कपाटात असू शकतात. दोन्ही सारखीच धुतली तर इंग्रजी बशीची वाट लागते. चिनी भांडं कडक भाजलेलं. अठराव्या शतकातलं बहुतेक इंग्रजी पोर्सेलीन, म्हणजे उजेड आरपार जाणारी चिनी माती, मऊ मातीचं. झिलई जिथे उडालीय किंवा तडकलीय, तिथून ही माती चहा, हळद सगळं पिते.

अंधाऱ्या खोलीत बशीमागे मोबाईलचा टॉर्च धरा. उजेड मुळीच आरपार येत नसेल, तर बहुधा ते पोर्सेलीन नव्हे. साकवावर तीन माणसं, वर दोन पक्षी, बाजूला झुकलेलं झाड, ही ‘विलो’ नक्षी 1790च्या सुमारास इंग्लंडातच रूढ झाली आणि ती बहुतेक अशाच अपारदर्शक भांड्यांवर दिसते. आरपार येणाऱ्या उजेडात हिरवट झाक दिसली तर बशी वूस्टर या इंग्रजी कारखान्याची असण्याची शक्यता धरा. 1751मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्यात मातीत शंखजिरं घालत, म्हणून त्यांच्या किटल्या उकळत्या चहाने तडकत नसत.

मग भिंग घ्या. बारीक रेघा-ठिपके आणि काठाच्या नक्षीत सांधा दिसला तर छापकाम. निळा रंग कुठे दाट, कुठे पातळ साचलेला दिसला तर कुंचल्याचं काम. वूस्टरची खूण, म्हणजे तळाची चंद्रकोर, छापील भांड्यावर रेघांनी भरलेली, हाती रंगवलेल्यावर बहुधा पोकळ असते. पण खूण नकली असू शकते, केवळ तिच्यावर विसंबू नका. ‘इंग्लंड’ असं लिहिलेलं असेल तर भांडं साधारण 1891नंतरचं.

धुताना प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाका. अंगठ्या काढा, एका वेळी एकच नग घ्या. जोडलेलं भांडं भिजवू नका, जुना सरस सुटतो. ओल्या फडक्याने पुसा.

डागावर ब्लीच कधीच नको! त्यातले क्षार मातीत मुरतात, सुकताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि झिलईचे पापुद्रे उडतात. हे नुकसान भरून येत नाही. त्याऐवजी बशी आधी साध्या पाण्यात तासभर भिजवा, म्हणजे डाग आत ढकलला जात नाही. मग 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवा. सोनेरी काम असेल तर हेही नको.

पावसाळ्यात भांडं कोरडं वाटतं, पण आत ओल राहते. आठवडाभर पंख्याखाली ठेवा, मगच कपाटात. दोन बश्यांमध्ये मऊ सुती कापड घाला. वर्तमानपत्राची शाई लागते.