जुना अडकित्ता घेताना आणि घेतल्यावर

पुण्यात बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयातली अडकित्त्यांची मांडणी आधी डोळ्यांखालून घाला. बैठकीत मिरवायचा नक्षीदार अडकित्ता आणि रोज सुपारी कातरणारा अडकित्ता यांतला फरक तिथे लक्षात येतो. मग जुन्या बाजारात जा. खिशात छोटं लोहचुंबक, भिंग आणि कापूस ठेवा.

चुंबक आधी पात्याला लावा. दांडे पितळी असले तरी कापणारं पातं लोखंडाचं किंवा पोलादाचं असतं. तिथे चुंबक चिकटलं नाही, तर ती शोभेची वस्तू समजा. पितळी दिसणाऱ्या दांड्यांनाही चिकटलं, तर पितळेचा नुसता मुलामा आहे. मग तोंड उघडून बघा. अख्खी सुपारी मावत नसेल, तर वापराचा अडकित्ता म्हणून सांगितलेली किंमत मोजू नका.

खरा पुरावा सांध्यात आणि धारेत असतो. वर्षानुवर्षं धार लावून पातं मधोमध झिजतं. मिटून उजेडासमोर धरलं की मध्ये बारीक फट दिसते. अंगठा टेकतो तिथली नक्षीही बुजते. नक्षी सगळीकडे सारखीच काळी आणि स्पिरिटच्या बोळ्याला तो काळा रंग लागला, तर ‘जुनेपणा’ बहुधा गेल्या महिन्यातला! सांध्याला नट-बोल्ट असेल तर तेवढ्याने नकली ठरत नाही. दुरुस्ती झाली आहे, किंमत पाडून घ्या.

घरी आणल्यावर घासून लखलखीत करायला हात शिवशिवतात, पण चिंच, लिंबू, पितांबरी नको. देवाच्या भांड्यांना चालतं ते इथे नाही. आंबट पाणी सांध्याच्या खिळ्याच्या फटीत मुरतं, पितळ-लोखंड एकत्र ओलं राहिलं की लोखंड आधी गंजतं आणि सांधा आवळतो. पितळेवर गुलाबी डाग उठले तर जस्त निघून गेलं, ते परत येत नाही.

कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, खाचांत बांबूची काडी चालवा. काताचे डाग स्पिरिटच्या बोळ्याने निघतात. मात्र रंगीत काचा लाखेत बसवलेल्या असतील तर स्पिरिट लांब ठेवा, लाख विरघळते. गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी शून्य-शून्य-शून्य-शून्य (0000) नंबरची स्टील वूल, म्हणजे पोलादी तारांची अगदी बारीक लोकर, फक्त पात्यावर, लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवा. लाल भुकटी गेली की थांबा. खालचा तपकिरी-काळा थर काढायचा नाही. पितळेला स्टील वूल लागली की चरे पडतात.

शेवटी तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (जुन्या वस्तू जपायला वापरतात ते मेण) पातळ हात द्या. खोबरेल नको, चिकट होऊन धूळ धरतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. रंगबदलू निळे दाणे गुलाबी झाले की तापवून वाळवा.

प्रत्येक नगाची लांबी, वजन, कुठून घेतला ते वहीत लिहा, बिल जोडा. परदेशी राहणाऱ्यांनी अडकित्त्याचं वय आधी तपासावं: 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून जास्त वर्षं जुनी अशी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.