एच-१बीचा बॉन्ड आणि पगार: सही करण्याआधी काय ठरवून घ्यायचं

अमेरिकेतल्या छोट्या-मध्यम आयटी कन्सल्टन्सीमार्फत एच-१बी (मालकाच्या अर्जावर मिळणारा तात्पुरता कामाचा व्हिसा) करून घेताना बहुतेकांची घासाघीस भलत्याच गोष्टीवर खर्च होते. वकिलाची फी निम्मी-निम्मी करू या का, बेंचवर, म्हणजे हाती प्रोजेक्ट नसताना, निदान अर्धा पगार द्याल का, असं विचारलं जातं. हे दोन्ही खर्च कायद्याने आधीच मालकाच्या माथी टाकलेले आहेत, त्यांवर बोलणी होतच नाहीत. उलट ज्या गोष्टी खरोखर मागून मिळतात त्या विचारायच्या राहून जातात. उदाहरणार्थ, बॉन्डची (मुदतीआधी नोकरी सोडल्यास मालकाला भरायची) रक्कम महिन्यागणिक कशी उतरेल, मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, बॉन्ड कधी आपोआप रद्द होईल.

म्हणून आधी मागायची गरजच नसलेल्या गोष्टी बाजूला काढू.

जे मालकाने द्यायचंच आहे

एच-१बीचा अर्ज करण्याआधी मालक अमेरिकेच्या श्रम खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचं मालकाचं हमीपत्र) मंजूर करून घेतो. त्यात तुमचं पद, कामाचं ठिकाण आणि पगार लिहिलेला असतो. मालक त्याच कामासाठी इतरांना देतो तो पगार आणि त्या भागातला प्रचलित पगार, यांत जो जास्त असेल तो तुम्हाला मिळालाच पाहिजे. एलसीएची प्रत रुजू होण्याच्या दिवसापर्यंत तुमच्या हातात पडायला हवी. ‘वकिलाकडे आहे, नंतर पाठवतो’ हे उत्तर चालवून घेऊ नका. पुढच्या प्रत्येक वादात हाच कागद लागतो.

एलसीए आणि एच-१बी अर्ज तयार करून दाखल करण्याचा खर्च, वकिलाच्या फीसकट, मालकाचा धंद्याचा खर्च धरला जातो. तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही. त्यातली प्रशिक्षण निधीची फी (२५ पर्यंत कर्मचारी असतील तर ७५० डॉलर, जास्त असतील तर १,५००) तर कुठल्याही नावाखाली, बॉन्डची भरपाई म्हणूनसुद्धा, परत मागता येत नाही. वाणिज्य दूतावासातली व्हिसाची फी किंवा जोडीदाराच्या एच-४ (अवलंबितांच्या) व्हिसाचा खर्च मात्र तुमचा.

बेंचचा नियमही सरळ आहे. मालकाकडे काम नाही म्हणून तुम्ही बसून असाल, तर एलसीएतला पगार पूर्ण चालू राहतो. बाहेरून आलात तर अमेरिकेत शिरल्यापासून ३० दिवसांत आणि तिथेच राहून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून एच-१बी झालात तर मालकाकडे काम करायला पात्र झाल्यापासून ६० दिवसांत पगार सुरू व्हायलाच हवा, प्रोजेक्ट मिळो न मिळो. सूट एवढीच, की रजा तुम्ही स्वतःच्या कारणासाठी मागितली असेल, किंवा अपघात, बाळंतपण अशा कारणाने काम शक्य नसेल. काही मालक नेमकी हीच फट वापरतात. प्रोजेक्ट संपला की ‘मी वैयक्तिक कारणासाठी बिनपगारी रजा मागत आहे’ असं ईमेल तुमच्याकडून लिहून घेतात. ते पाठवलंत की बेंचच्या पगाराची तक्रार तुम्हीच पोकळ केलीत.

याहून वाईट प्रकार म्हणजे ‘पेरोल रन करायला’ तुमच्याकडूनच पैसे मागणं: पुण्यातल्या वडिलांच्या खात्यातून भारतातल्याच कुणाच्या तरी खात्यात रुपये भरायचे आणि अमेरिकेत डॉलरची वेतनपावती निघते. कागदावर पगार दिसतो, प्रत्यक्षात तो तुमचाच पैसा असतो. अशा मालकाशी बोलणी करत बसू नका, दुसरा शोधा. बायोडेटात खोटा अनुभव घालायला सांगणाऱ्यालाही हेच लागू. व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचा ठपका कायमचा प्रवेशबंद करू शकतो आणि तो मालकावर नाही, तुमच्या नावावर बसतो.

पगाराचा आकडा कुठून आणायचा

श्रम खात्याच्या ‘फ्लॅग’ संकेतस्थळावर प्रचलित पगार मोफत पाहता येतो. पदाचा संकेतांक (एसओसी कोड) आणि काउंटी टाकली की चार पातळ्या दिसतात. त्या भागात त्या कामाला मिळणाऱ्या पगारांच्या १७, ३४, ५० आणि ६७व्या शतमकावर (म्हणजे तितके टक्के लोक त्याहून कमी कमावतात) या चार पातळ्या बसवलेल्या आहेत. आकडे दर जुलैत बदलतात. त्याच खात्याकडून मंजूर एलसीएंची यादी तिमाहीगणिक एक्सेल फाइलमध्ये निघते. तिच्यात मालकाचं नाव शोधा. हा माणूस गेल्या वर्षी त्याच शहरात त्याच पदाला काय देत होता, हे कळतं. बोलणीत ‘बाजारभाव जास्त आहे’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्याच एलसीएत याच पदाला अमुक लिहिलंय’ हे वाक्य कितीतरी जड पडतं.

२०२६च्या हंगामापासून पातळीला आणखी एक वजन आलं आहे. मर्यादित एच-१बीसाठी नावं निवडणारी सोडत आता पगाराच्या पातळीनुसार भारित झाली: चौथ्या पातळीचं नाव सोडतीत चार वेळा जातं, पहिल्या पातळीचं एकदाच. तुमचा देऊ केलेला पगार दुसऱ्या पातळीच्या सीमेपासून दोन-तीन हजार डॉलर खाली असेल, तर तेवढी वाढ मागणं मालकाच्याही फायद्याचं आहे, कारण निवडीची शक्यता वाढते. हे मार्चमधल्या नोंदणीच्या आधी बोला. मात्र नोंदणीत मोठी पातळी दाखवून अर्ज कमी पगाराचा करायचा, असा बेत कुणी सुचवला तर नकार द्या. अर्ज त्यावरून नाकारला जाऊ शकतो.

सप्टेंबर २०२५च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा भरणा लादला. अमेरिकेतच एफ-१वरून स्थितीबदल मंजूर होणाऱ्यांना तो लागत नाही. म्हणजे ओपीटीवर (एफ-१ विद्यार्थ्याला मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) असलेला उमेदवार मालकाला तुलनेत फार स्वस्त पडतो. बोलणी करताना ही गोष्ट तोंडाने बोलून दाखवायची गरज नसते, पण स्वतःला विसरू देऊ नका.

टक्क्यांचा हिशेब

बऱ्याच कन्सल्टन्सी ‘८०-२०’ सांगतात: क्लायंटकडून येणाऱ्या दराच्या ८० टक्के तुमचे. ऐकायला छान. समजा बिलिंग तासाला ७० डॉलर आहे. वर्षाचे २,०८० तास धरले तर १,४५,६०० येतात, त्याचे ८० टक्के १,१६,४८०. आता विचारा: मालकाच्या वाट्याचा ७.६५ टक्के पेरोल टॅक्स या ८०मधून जाणार की २०मधून? ८०मधून गेला तर तुमचा पगार सुमारे १,०८,२०० वर येतो. दहा सुट्ट्या आणि दोन आठवड्यांची रजा बिनपगारी असेल तर १६० तास, म्हणजे मूळ हिशेबातले आणखी ८,९६० डॉलर गेले. आरोग्य विम्याचा हप्ता यानंतर. ‘८०’ वाल्यापेक्षा ठरावीक १ लाख देणारा परवडला, असं इथे सहज होतं.

म्हणून ऑफर लेटरमध्ये टक्केवारीच्या जोडीला हे वाक्य हवं: वार्षिक मूळ पगार अमुक, एलसीएपेक्षा कमी नाही, महिन्यातून किमान एकदा समान हप्त्यांत, टक्केवारीने जास्त निघाल्यास फरक वर मिळेल. एलसीए ९५,००० चा असेल तर बेंचच्या महिन्यातही ७,९१७ डॉलर दिसले पाहिजेत. आणि खरं बिलिंग किती हे समजण्यासाठी परचेस ऑर्डर किंवा वर्क ऑर्डरचं दराचं पान मागा. मधल्या व्हेंडरने किती कापले ते मालक दाखवणार नाही, पण त्याच्या स्वतःच्या हातात किती येतात ते दाखवायला हरकत नसावी. टाळाटाळ झाली तर टक्केवारी सोडा आणि ठरावीक पगारावर बोला.

बॉन्ड वाचताना

एच-१बीच्या कायद्यात मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल दंड लावायला बंदी आहे, पण खऱ्या नुकसानीची आधीच ठरवलेली वाजवी भरपाई घेता येते. बॉन्डचे सगळे वाद या दोहोंच्या मधल्या रेषेवर होतात. भरपाई कशाला म्हणायचं हे त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असतं. कसोटी साधारण अशी, की रक्कम करार करतानाच ठरलेली असावी आणि सोडून जाण्याने होणाऱ्या नुकसानीचा तो प्रामाणिक अंदाज असावा, धाक दाखवायला लावलेला आकडा नसावा. पहिल्या महिन्यात सोडा की सतराव्या, रक्कम तीच असेल तर ती दंडासारखीच दिसते. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२६पासूनच्या करारांत ‘सोडलंस तर पैसे भर’ अशा कलमांवर, सही-बोनससारखे थोडे अपवाद वगळता, बंदीच आली आहे. त्यामुळे करार कोणत्या राज्याच्या कायद्याखाली आणि कुठल्या न्यायालयात चालणार, हे कलम रकमेच्या आधी वाचा.

मग या मागण्या लेखी ठेवा:

रक्कम दर महिन्याला समान उतरावी. १८ महिन्यांचा १२,००० डॉलरचा बॉन्ड असेल तर वर्षभरानंतर ४,००० च उरतात. याला बरेच मालक मान्यता देतात, कारण त्यांचा करार न्यायालयात टिकण्याची शक्यता त्याने वाढते. तुम्हीही तसंच मांडा: ‘माझा बॉन्डला विरोध नाही. तो महिन्यागणिक उतरत जावा, एवढंच म्हणणं आहे.’

मुदत रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजावी. ‘प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून १८ महिने’ असं लिहिलेलं असेल तर चार महिन्यांचा बेंच तुमच्याच मुदतीत जोडला जातो. हे कलम दिसायला निरुपद्रवी असतं आणि सर्वांत महाग पडतं.

मालकाने कामावरून काढलं, एलसीएपेक्षा कमी पगार दिला किंवा अर्ज नामंजूर झाला, तर बॉन्ड संपावा. मुदतवाढीच्या अर्जासोबत तो आपोआप नवा होऊ नये. ग्रीन कार्डच्या पर्म (श्रम खात्याच्या मंजुरीच्या) टप्प्याचा वकिली आणि इतर खर्च मालकाने स्वतःच करायचा असतो, तोही बॉन्डमध्ये घुसडलेला असेल तर काढायला लावा. शेवटच्या पगारातून परस्पर कापून घेण्याचं कलम खोडा. वाद झाल्यास दोन्ही बाजूंचा वकिली खर्च तुम्हीच द्यायचा, असं एकतर्फी कलमही खोडा. धमकीचं खरं बळ बहुधा त्यातच असतं.

भारतातला दुसरा बॉन्ड

अमेरिकी कराराबरोबर पुणे किंवा हैदराबादच्या भगिनी कंपनीचा रुपयांतला बॉन्डही पुढे येतो, ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, एखादा कोरा चेक आणि मूळ मार्कशीटसह. स्टॅम्प पेपर लावल्याने बेकायदा कलम कायदेशीर होत नाही. पण भारतातला प्रत्येक बॉन्ड फुसका असतो ही समजूतही चूक. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉन्ड वैध ठरवला. नोकरी चालू असतानाचं बंधन करार कायद्याच्या कलम २७च्या आड येत नाही, असं म्हटलं. वसुली मात्र कलम ७४खाली वाजवी भरपाईपुरतीच, आणि तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवण्याचा हुकूम कोणी देऊ शकत नाही.

कोरा चेक कदापि देऊ नका. तो भरून बँकेत टाकला आणि वटला नाही, तर कलम १३८चा फौजदारी खटला पुण्यात चालतो आणि तुम्ही असता न्यू जर्सीत. मूळ कागदांऐवजी साक्षांकित प्रती द्या. आणि दोन बॉन्ड असतीलच, तर एका नोकरीसाठी दोन्हीकडून वसुली होणार नाही, असं दोन्ही करारांत लिहून घ्या.

हाताशी ठेवायचे कागद

नोकरी बदलताना नवा मालक अर्ज दाखल करतो आणि तो स्वीकारला गेला की तिथे काम सुरू करता येतं. जुन्या मालकाची परवानगी लागत नाही. लागतात त्या अलीकडच्या वेतनपावत्या, कारण तुम्ही नियमाने काम करत होता हे त्यांवरून दिसतं. म्हणून दर महिन्याची पावती आणि आय-७९७ मंजुरीपत्राची प्रत स्वतःच्या, कंपनीच्या नव्हे, ईमेलवर साठवा. मंजुरीपत्र मालकाने दाबून ठेवलंच, तर आपल्या माहिती अधिकारासारखा फोइयाचा अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे) करून फाइलची प्रत मागवता येते.

नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत दाखवणारी नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. म्हणून आधी नवा अर्ज दाखल होऊ द्या, मग राजीनामा पाठवा. मालकानेच मुदतीआधी काढलं, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च त्याने द्यायचा असतो; तुम्ही स्वतः सोडलंत तर नाही. म्हणूनच ‘राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं कोणी गोडीगुलाबीने सांगत असेल, तर काढल्याचं पत्र मागा.

पगार थकला किंवा बॉन्डच्या नावाखाली पैसे कापले, तर श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ या नमुन्यात तक्रार करता येते, शेवटच्या उल्लंघनापासून १२ महिन्यांच्या आत. एलसीए, वेतनपावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि बेंचच्या काळातले व्हॉट्सअ‍ॅप संदेश तारखांनिशी जोडा. मालकाने फक्त तोंडी सांगितलेल्या गोष्टी त्याच संध्याकाळी त्यालाच ईमेलने कळवलेल्या असतील (‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे...’), तर त्याही पुराव्यात धरता येतात.