क्लेब्सिएला एकच की वेगवेगळे? एरिक-पीसीआर लावताना

ठाण्याच्या एका रुग्णालयातून पाच नवजात बाळांच्या रक्तातले क्लेब्सिएला जंतू आमच्या वाशीच्या लॅबमध्ये आले. कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं याचा रिपोर्ट पाचही जणांचा सारखा. सिस्टरनी फोनवर विचारलं, "मॅडम, एकाकडून दुसऱ्याला गेलंय का?" नुसत्या त्या रिपोर्टवरून हे सांगता येत नाही. प्रतिकाराची जनुकं प्लास्मिडवरून (डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांवरून) एका जंतूतून दुसऱ्यात जातात, त्यामुळे वेगळ्या स्ट्रेनचाही (त्याच जंतूच्या वेगळ्या वाणाचाही) रिपोर्ट सारखा येऊ शकतो. अशा वेळी एरिक-पीसीआर लावा. जंतूच्या डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका क्रमाच्या मधले तुकडे वाढवून जेलवर त्यांच्या पट्ट्या, म्हणजे बँड, ताडून पाहायची ही चाचणी. थर्मल सायकलर (पीसीआरचं यंत्र) आणि जेल एवढ्यावर भागतं.

सर्वात जास्त वेळ कॉलनीला, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्याला, द्या. मॅकॉन्की माध्यमावर क्लेब्सिएला गुलाबी, चिकट. लूप उचलला की तार निघते. त्या चिकट थराखाली कधी दुसरी बारीक कॉलनी दडलेली असते. सुरुवातीला एकदा मी दोन-तीन कॉलनी एकत्र उचलल्या. दोन स्ट्रेनचे बँड एकाच लेनमध्ये (जेलवरच्या एका नमुन्याच्या रांगेत) आले आणि मी 'वेगळा स्ट्रेन' असं लिहून दिलं. तो रिपोर्ट मागे घेईपर्यंत आठवडा गेला होता, आणि वॉर्डात बाळं होती. एकच सुटी कॉलनी घ्या, पुन्हा स्ट्रीक करा, पुन्हा एकच घ्या.

डीएनए मोजून सारखा घ्या, मास्टर मिक्स (सगळ्या ट्यूबमध्ये घालायचं रसायनांचं मिश्रण) एकच करा. अ‍ॅनीलिंग (सुरुवातीचे छोटे तुकडे डीएनएला चिकटण्याची पायरी) ५२ अंशांना, जेल दीड टक्क्याचं.

एरिकची मोठी अडचण म्हणजे आजचं जेल उद्याच्या जेलशी जुळेलच असं नाही. म्हणून तुलनेचे सगळे नमुने एकाच रनमध्ये, एकाच जेलवर. एक नमुना पहिल्या आणि शेवटच्या लेनमध्ये लावा. त्याचेच बँड जुळले नाहीत तर ते जेल वाचू नका. एक ट्यूब नुसत्या पाण्याची. शिवाय त्या वॉर्डशी संबंध नसलेला एक क्लेब्सिएला हवाच. मी ओपीडीतल्या लघवीच्या नमुन्यातला घेते. तोही इतरांसारखाच दिसला, तर तुमची पीसीआर स्ट्रेन वेगळे करतच नाहीये.

आमच्याकडे चौघांचे बँड जुळले, पाचवा निराळा निघाला. अशा रिपोर्टात 'एकाच स्रोतातून' असं लिहू नका. 'या पद्धतीने वेगळे करता येत नाहीत' असं लिहा. दुसऱ्या शहरातल्या स्ट्रेनशी ताडायचं तर एमएलएसटी करा. सात जनुकांच्या सीक्वेन्सिंगवरून मिळणारा प्रकाराचा क्रमांक कोणत्याही लॅबमध्ये तोच येतो. खर्च झेपला तर पूर्ण जीनोमच करा.

मी सिस्टरना लगेच फोन केला. चौघांच्या खाटा कुठे होत्या, कोण कधी दाखल झालं, ते लिहून मागितलं. सिंक आणि सक्शनच्या नळ्यांचे स्वॅबही त्याच दिवशी मागवले.