एमबीएच्या प्रवेश परीक्षा: बोर्डाच्या परीक्षेची सवय मोडून तयारी कशी करावी

एमबीएच्या प्रवेश परीक्षांविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच मुळातून आलेले असतात. ही परीक्षा दहावी-बारावीसारखीच, फक्त जरा अवघड, असे आपण धरून चालतो आणि म्हणूनच सगळा अभ्यासक्रम संपवायचा, पेपरमधला एकही प्रश्न सोडायचा नाही, या शाळेपासून अंगवळणी पडलेल्या नियमांनीच तयारीला लागतो. आयआयएमच्या, म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या, कॅट या प्रवेश परीक्षेत हे नियम विद्यार्थ्याच्या विरोधात जातात, कारण कोणता प्रश्न हातात घ्यायचा आणि कोणता सोडायचा याची पारख तिथे वेळेच्या धाकाखाली होते.

२०२४च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न, २०४ गुण आणि १२० मिनिटे होती. आकलन व इंग्रजी, माहितीचे विश्लेषण व तर्क आणि गणित या तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे मिळतात आणि एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. त्या वर्षी सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी परीक्षा दिली, म्हणजे ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढेही जवळजवळ २,९०० जण होते. पर्सेंटाइल म्हणजे गुणांचे टक्के नव्हेत, तर दर शंभरांतले किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा. एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास गुण मिळवणारेही ९९च्या घरात पोहोचतात, हे ज्याला आधी कळते तो पेपर शांतपणे सोडवतो.

यालाच जोडून ‘अंदाजाने उत्तर देऊन टाकावे’ हा सल्ला येतो. बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीच्या उत्तराला वजा १, असा कॅटचा हिशेब असल्याने चार पर्यायांपैकी डोळे झाकून एक निवडला तर सरासरीने हाती शून्य लागते. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच धोका पत्करण्यात थोडा फायदा आहे. ज्या प्रश्नांना पर्याय नसतात आणि उत्तर स्वतः टाइप करायचे असते, तिथे मात्र चुकीला दंड नाही, त्यामुळे ते रिकामे ठेवू नयेत. राज्याच्या एमबीए सीईटी या प्रवेश परीक्षेत हा हिशेब पूर्ण बदलतो. तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रत्येकाला ४५ सेकंद मिळतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, म्हणून शेवटच्या मिनिटाला एकही प्रश्न कोरा राहता कामा नये. पुणे विद्यापीठाच्या पुम्बा या व्यवस्थापन विभागाचा किंवा मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेचा प्रवेश सीईटीच्या मार्गानेही होत असल्याने पुण्यातले विद्यार्थी कॅट, सीईटी आणि सिम्बायोसिसची स्नॅप अशा तिन्ही परीक्षा देतात, आणि ‘कॅटची तयारी झाली की बाकीच्या आपोआप होतात’ असे त्यांना सांगितले जाते. संकल्पना तेवढ्या समान आहेत, वेग नाही. स्नॅपमध्ये ६० मिनिटांत ६० प्रश्न असतात, त्यामुळे कॅट झाल्यानंतरचे आठवडे त्या वेगाच्या सरावासाठी वेगळे काढावेत.

गणिताची भीती आणि गणिताचा गर्व, दोन्ही सारखेच महागात पडतात. कॅटच्या गणितातला मोठा भाग शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, काळ-काम-वेग यांवर असतो, जे आपण शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीही केलेले असते. वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्याने याच प्रकरणांपासून सुरुवात करावी आणि त्यात हात बसल्यावर बीजगणित व भूमितीकडे वळावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची अडचण निराळी असते. सूत्र येत असल्यामुळे तो लांबलचक रीतीने उत्तरापर्यंत पोहोचतो आणि पर्याय घालून पाहण्याचा सोपा रस्ता त्याला कमीपणाचा वाटतो.

मराठी माध्यमातल्या मुलामुलींना इंग्रजीच्या विभागाची धास्ती असते आणि ती घालवण्यासाठी अवघड शब्दांच्या याद्या पाठ केल्या जातात. २०२४च्या या विभागातले २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर होते, उरलेले परिच्छेदाची जुळणी, सारांश अशा स्वरूपाचे. शब्दार्थ विचारणारा थेट प्रश्न जवळपास येतच नाही. लेखकाचा मुद्दा कोणता, पुरावा कोणता आणि त्याने मुद्दाम काय म्हटलेले नाही, हे ओळखण्याची सवय इथे कामी येते आणि मराठीतले गंभीर लेखन वाचणाऱ्याकडे ती आधीच असते, असे माझे ठाम मत आहे. रोज इंग्रजीतला एक दीर्घ लेख वाचावा आणि वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवून त्याचा युक्तिवाद दोन वाक्यांत मराठीत लिहावा. लिहिता आला नाही, तर लेख समजलेला नाही, एवढे लगेच कळते.

सर्वाधिक वेळ ज्यात वाया जातो तो गैरसमज म्हणजे ‘जितके मॉक, म्हणजे सराव पेपर, जास्त तितके बरे’. मॉक देण्याला दोन तास लागतात, तर तो तपासायला त्याहून अधिक लागले पाहिजेत. निकाल लगेच न पाहता, जे प्रश्न सोडले किंवा अर्धवट राहिले ते आधी घड्याळाशिवाय पुन्हा सोडवावेत. मग एका वहीत प्रत्येक प्रश्नासमोर लिहावे: बरोबर, चूक की सोडलेला, किती वेळ लागला आणि चूक का झाली. ‘काळजी घ्यायला हवी होती’ असे मोघम लिहू नये. ‘दुसऱ्या गाडीचा वेग मीटरमध्ये होता, मी किलोमीटर धरला’ असे लिहावे. तर्काच्या विभागात पहिली तीन-चार मिनिटे सगळे संच, म्हणजे एकाच माहितीवरचे प्रश्नगट, वाचण्यात घालवावीत आणि मॉकनंतर आपण निवडलेले संच खरोखर सोपे होते का, हे पडताळावे. चार-पाच मॉकनंतर त्या वहीत एकच चूक वारंवार दिसू लागते, आणि पुढच्या आठवड्याचा अभ्यास तिथूनच ठरवावा.

हिंजवडी किंवा खराडीला नोकरी करणाऱ्यांनी तयारीसाठी राजीनामा देण्याची गरज नसते. आठवड्यात रोज दीड-दोन तास आणि शनिवार-रविवारी मॉक व त्याची तपासणी, हे सहा-सात महिन्यांत पुरेसे होते. नोकरी सोडून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्याला मुलाखतीत त्या रिकाम्या महिन्यांचा हिशेबही द्यावा लागतो. केवळ पर्सेंटाइलवर आयआयएम मिळते, हेही खरे नाही. दहावी, बारावी, पदवीचे गुण, कामाचा अनुभव, मुलाखत यांना प्रत्येक संस्था वेगळे वजन देते आणि ते निकष जाहीर करते. आपले बारावीचे गुण कमी असतील, तर त्यांना कमी वजन देणाऱ्या संस्थांची यादी अर्ज भरण्याआधीच करावी.

कागदपत्रांचे काम निकालानंतर पाहू, असे म्हणणाऱ्यांचे दरवर्षी नुकसान होते. कॅटसाठी इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या यादीनुसार आणि केंद्राच्या नमुन्यात लागते. राज्यातला एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग तिथे चालत नाही, त्यामुळे मराठा समाजातल्या विद्यार्थ्याने निकषांत बसत असल्यास केंद्राच्या नमुन्यातले ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढावे. भटक्या-विमुक्तांमधल्या अनेक जाती केंद्राकडे ओबीसीत मोडतात, तेही आधी तपासावे. सीईटीनंतरच्या कॅपसाठी, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, जातीच्या राखीव जागांना जात वैधता प्रमाणपत्र आणि ओबीसी, एसईबीसीसारख्या प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्रही लागते. वैधतेला महिने लागू शकतात, म्हणून तो अर्ज अभ्यास सुरू करतानाच द्यावा आणि पोचपावती जपून ठेवावी.