सोलर असूनही अंधार? सोसायटीचा बॅकअप बसवताना या चुका टाळा

गच्चीवर 10 किलोवॅटचं सोलर बसतं, कॉमन मीटरचं बिल निम्म्याहून खाली येतं, कमिटी खूश होते. मग एके दिवशी भर दुपारी लाइट जाते. डोक्यावर रखरखीत ऊन, तरी लिफ्ट बंद आणि पंपही बंद. सातव्या मजल्यावरच्या आजी खालीच अडकतात आणि सेक्रेटरींचा फोन वाजायला लागतो, "अहो, मग सोलरला पैसे कशाला दिले?"

या तक्रारीत सोलर बसवणाऱ्याची लबाडी असतेच असं नाही. बहुतेक वेळा गोष्ट एवढीच असते की कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. एसआरएच्या, म्हाडाच्या किंवा साध्या लहान फ्लॅटच्या इमारतींत हे जास्त होतं. मेन्टेनन्स तुटपुंजा असतो, त्यामुळे एकदा केलेला खर्च चुकला तर पुढची पाच वर्षं तो विषय कोणी काढत नाही.

चूक पहिली आणि सगळ्यात महागडी: सोलर म्हणजेच बॅकअप असं समजणं

नेट मीटरिंगवर (जास्तीची सोलर वीज लाइनला देऊन बिलात वळती करून घेण्याच्या सोयीवर) चालणारा साधा इन्व्हर्टर महावितरणची लाइन पाहून चालतो. लाइन गेली की तो स्वतःहून बंद पडतो. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज बाहेरच्या तारांत शिरेल आणि लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन नसतानाही बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी लागते, शिवाय बॅकअपवर चालणाऱ्या सर्किटांचा वेगळा बोर्ड. कोटेशनमध्ये फक्त 'ऑन-ग्रिड' (म्हणजे लाइन असतानाच चालणारं) लिहिलं असेल तर लाइट गेल्यावर काहीही चालणार नाही, हे धरूनच सही करा.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे जुगाड. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरची वीज सॉकेटमधून घुसवणारे महाभाग अजून आहेत. चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन किंवा बॅकअप यांपैकी एकच जोडणारा स्विच) कुठलाही बॅकअप जोडू देऊ नका. इथे पैसे वाचवणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर वाचवणं.

किती वेळ, आणि नेमकं काय?

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत दोन-तीन तासांत वीज आली, काही ठिकाणी संध्याकाळ झाली. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या कित्येक गावांनी अनेक दिवस अंधारात काढले. दोन्ही 'लाइट जाणं'च, पण तयारी वेगळी. काही तासांसाठी भरलेली बॅटरी पुरते. काही दिवसांसाठी त्या बॅटरीला रोज भरणारं सोलर लागतं. 'पूर्ण इमारतीला बॅकअप' ही मागणी ऐकायला छान वाटते, पण तिचा खर्च परवडत नाही आणि शेवटी काहीच होत नाही.

म्हणून आधी कागद घ्या. सात मजल्यांचा जिना, प्रत्येक मजल्यावर 9 वॅटचे दोन एलईडी म्हणजे 126 वॅट. गेटचा दिवा, वॉचमनची केबिन आणि कॅमेरे धरून अडीचशे वॅट. सहा तासांना दीड युनिट. म्हणजे जिन्यातला उजेड ही अगदी स्वस्त गोष्ट आहे, त्यासाठी कोणी रडायचं कारण नाही. खरा प्रश्न पंपाचा आणि लिफ्टचा.

यादीत एक गोष्ट बहुधा राहून जाते: सोसायटी ऑफिसातले दोन सॉकेट. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॅट खातो. नेब्युलायझर, मोबाइल आणि इन्सुलिन ठेवलेला छोटा फ्रिज धरला तरी हे सगळं मिळून एका इस्त्रीपेक्षा कमी. घरोघरी इन्व्हर्टर देणं शक्य नसतं, पण ज्याला खरंच गरज आहे त्याला खाली येऊन वीज मिळेल अशी एक खोली नक्की करता येते.

पंप: इथेच बहुतेकांचा इन्व्हर्टर मान टाकतो

5 एचपीचा पंप म्हणजे शाफ्टवर 3.7 किलोवॅट, लाइनवरून साडेचारच्या आसपास. सेल्समन म्हणतो, "5 केव्हीएचा घ्या, आरामात चालेल." पण साध्या स्टार्टरवर मोटर सुरू होताना पाच ते सात पट करंट ओढते. त्या क्षणी इन्व्हर्टर 'ओव्हरलोड' म्हणून बंद पडतो. मग तक्रार येते की इन्व्हर्टर डुप्लिकेट दिला. इन्व्हर्टर बरोबर असतो, हिशेब चुकलेला असतो. उपाय दोन. एक, इन्व्हर्टर दुप्पट-तिप्पट मोठा घ्या, म्हणजे पैसे उडवा. दोन, पंपाला सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवा, म्हणजे मोटर हळूहळू वेग घेते. दुसरा उपाय बहुतेक वेळा खूपच स्वस्त पडतो. फायर पंप मात्र या सगळ्यातून बाहेर ठेवा. त्याची सोय अग्निशमनाच्या नियमांनुसार वेगळी असते, ती सोलरच्या माणसाने हात लावायची गोष्ट नाही.

मुळात पंप बॅटरीवर चालवायची वेळच का यावी? 10 हजार लिटर पाणी 30 मीटर वर चढवायला पंपात वाया जाणारी वीज धरून साधारण दोन युनिट वीज लागते. ती दुपारी अकरा ते तीनच्या उन्हात थेट सोलरमधून घ्या. वरची टाकी भरलेली असेल तर लाइट गेल्यावर पाणी आपोआप खाली येतं, बॅटरी लागतच नाही. सिमेंटची टाकी ही तुमच्याकडे आधीच असलेली बॅटरी आहे, आणि तिला डिस्टिल्ड वॉटरही घालावं लागत नाही. तरी बहुतेक इमारतींत पंप पहाटे पाचला चालतो. का, तर "पहिल्यापासून तसंच आहे". पालिकेचं पाणी पहाटे येत असेल तर ते खालच्या टाकीत साठू द्या आणि वर दुपारी चढवा. टायमर आणि लेव्हल सेन्सरचा खर्च बॅटरीच्या खर्चापुढे काहीच नाही.

लिफ्ट चालत नाही, पण वीज तर आहे

ही भानगड भल्याभल्यांना चकवते. बॅकअप चालू, मीटरवर तिन्ही फेजला व्होल्टेज बरोबर, तरी लिफ्ट ढिम्म. बहुतेकदा फेजचा क्रम (तीन तारा ज्या ओळीने जोडायच्या तो) उलटा जोडलेला असतो. लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये यासाठी रिले (आपोआप चालणारा स्विच) असतो. क्रम उलटा दिसला की तो लिफ्ट चालूच देत नाही, आणि बरंच करतो. पंपाला बहुधा असा पहारेकरी नसतो. तो उलटा फिरत राहतो, आवाज नेहमीचाच, टाकीत मात्र नीट पाणी पडत नाही. चेंजओव्हर बसवल्यावर महावितरणच्या लाइनवर आणि बॅकअपवर असा दोन्हीकडे फेजचा क्रम तपासून घ्या. वायरमनकडे त्याचं छोटं यंत्र असतं, पाच मिनिटांचं काम.

सिंगल फेजचा बॅकअप घेऊन थ्री फेजची लिफ्ट चालवायची अपेक्षा, हीसुद्धा नेहमीची. लिफ्ट बॅकअपवर चालवणं परवडत नसेल तर निदान रेस्क्यू डिव्हाइस चालू आहे का बघा. लाइट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणं एवढंच त्याचं काम. त्याची छोटी बॅटरी मेलेली असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

बॅटरी कुठे ठेवलीत?

तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये, कारण जागा तिथेच होती. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि 2021 च्या जुलैत चिपळूणला पाणी कुठवर चढलं ते तिथल्या कोणालाही विचारा. ज्या दिवशी बॅकअप लागणार, त्याच दिवशी तो पाण्याखाली. मागच्या पुराची खूण बघा आणि त्याच्या वर जागा शोधा.

पण म्हणून उघड्या गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीतही नको. लेड-ॲसिड बॅटरीचं ढोबळ गणित असं की 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना आयुष्य निम्मं होतं. विदर्भात मे महिन्यात त्या पेटीत काय होत असेल याचा विचार करा. जिन्याखालीही नको, आग लागली तर लोकांना पळायची वाट तीच. गच्चीवर सावलीतली, हवा खेळती असलेली केबिन बरी. पाण्याच्या टाकीखालची जागा सावलीची म्हणून मोहात पाडते, पण टाकी ओव्हरफ्लो झाली की पाणी नेमकं कुठे पडतं ते आधी पाहा. एकेक ट्युब्युलर बॅटरी 50 किलोच्या वर जाते, म्हणून स्लॅबबद्दल इंजिनीअरला विचारून घ्या.

लेबलवरच्या आकड्यालाही भुलू नका. 12 व्होल्ट, 150 एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप) आठ बॅटऱ्या म्हणजे कागदावर 14.4 युनिट. लेड-ॲसिड निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर लवकर मरते, म्हणजे हातात सातच. शिवाय बाजारातल्या अनेक बॅटऱ्यांचा एएच 20 तासांच्या हिशेबाने लिहिलेला असतो. पंप-लिफ्टसारखा भार तासा-दोन तासांत ओढलात तर त्याहूनही कमी मिळतं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण 80-90 टक्के वापरता येते आणि पाणी घालायची कटकट नाही. जिथे टॉपअप करायला हक्काचा माणूस नाही तिथे माझं मत सरळ लिथियमला.

ई-रिक्षा त्याच वायरवर

बऱ्याच वस्त्यांत आता स्टेशनपर्यंतची फेरी ई-रिक्षाच मारते. राज्याच्या महिलांसाठीच्या पिंक ई-रिक्षा योजनेत 20 टक्के अनुदान, 10 टक्के स्वतःचे आणि 70 टक्के बँकेचं कर्ज. रात्री लाइट गेली आणि सकाळी गाडी उभी राहिली, तरी हप्ता उभा राहत नाही. म्हणून रिक्षा चालवणाऱ्या ताईंची मागणी रास्त असते, "सोसायटीच्या बॅकअपवर चार्जिंग द्या."

हिशेब करू. 48 व्होल्ट, 100 एएचची लेड-ॲसिड म्हणजे 4.8 युनिट. ती पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरून, सहाएक युनिट. दहा गाड्यांना साठ. तुमचा बॅकअप सात-आठ युनिटांचा. एका बॅटरीतून दुसरी बॅटरी भरणं तसंही वायाच. त्यापेक्षा दुपारच्या विश्रांतीत उन्हावर चार्जिंग करा, आणि हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की आदल्या संध्याकाळी गाड्या भरून ठेवा. निदान दोन गाड्या राखीव ठेवा, डायलिसिसचे आणि बाळंतपणाचे पेशंट त्यांवर. कोणाच्या गाड्या, हे पाळीने आधीच ठरलेलं असावं.

लाइट परत येताच दहाही चार्जर एकदम लावले तर मेन एमसीबी पडतो आणि सगळे महावितरणला शिव्या घालतात. दोन-दोन करून लावा. जिन्याजवळच्या साध्या प्लगवर रात्रभर चार्जिंग तर बंदच करा. प्लग वितळलेला दिसला तर नवा प्लग हा उपाय नव्हे, स्वतंत्र वायर, योग्य सॉकेट, अर्थिंग आणि आरसीसीबी (शॉक बसू लागला की वीज तोडणारा स्विच) हवा. आणि ईव्ही चार्जिंगला महावितरणचा वेगळा दरवर्ग आहे. कॉमन मीटरवर भाड्याच्या गाड्या चार्ज केल्या तर पहिल्या बिलालाच सभेत भांडण ठरलेलं.

झटपट तपासणी

लाइट आली तरी सोलर लगेच सुरू होत नाही? थांबा, इन्व्हर्टर लाइन स्थिर झाल्याची खात्री करून मगच जोडतो, काही मिनिटं लागतात. कडक उन्हात दुपारी सोलर मधेच बंद पडतं? लाइनचं व्होल्टेज वाढलं असेल, डिस्प्लेवरचा एरर फोटो काढून ठेवा. बॅटरी वीस मिनिटांत संपते? प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगळं मोजा, एखादी मेलेली असते आणि बाकीच्यांना ओढते. अशा वेळी जुन्यांत एकच नवी घालून भागवू नका, नवीही जुन्यांच्या वाटेने जाते. पावसाळ्यात वीज कमी? एका किलोवॅटला वर्षाची सरासरी रोज चार युनिट असली तरी आषाढातल्या ढगांत ती खूपच खाली येते. बॅकअपचा हिशेब जुलैचा धरा, मार्चचा नाही.

पैसे आणि कागद

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे. ते पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीवर नाही. त्यामुळे बॅटरीचा खर्च आणि पुढे ती बदलण्याचा खर्च आपलाच, आणि तो ठराव करून वेगळा ठेवा. कोटेशनमध्ये या गोष्टी लेखी मागा: लाइट गेल्यावर नेमकं काय चालेल, किती तास चालेल, आणि पंप बॅकअपवर सुरू करून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता. पॅनेलच्या स्ट्रक्चरसाठी गच्चीला भोकं पाडणार असतील तर वॉटरप्रूफिंगची हमीही त्यातच लिहून घ्या. गळती सुरू झाली की वरच्या मजल्यावरचे सोलर काढायलाच सांगतात.

आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी, सगळ्यांना आधी सांगून, मेन स्विच पंधरा मिनिटं बंद करा. काय चाललं, काय नाही, ते वॉचमनच्या वहीत तारखेसह लिहा. वॉरंटीचा वाद निघाला की कंपनीच्या माणसापुढे ठेवायला ती वही लागते.