ब्रिटनच्या उरलेल्या वसाहतींवर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या प्रबंधाला हा विषय घेतला, तेव्हा माझ्या डोक्यात 1947 घट्ट बसलेलं होतं. लोकांना स्वातंत्र्य हवंय आणि लंडन अडवतंय, असं धरूनच पहिला मसुदा लिहिला. मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, "बर्म्युडाचं वाचलंस का?" तिथे 1995 च्या सार्वमतात जवळपास तीन चतुर्थांश मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली होती आणि स्वातंत्र्यवादी पंतप्रधान जॉन स्वॉन पायउतार झाले होते. मी मसुदा पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला.

तुम्ही सुरुवात संयुक्त राष्ट्रांच्या 1960 च्या ठराव 1514 पासून करा. जेमतेम दोन पानं आहेत. दुसऱ्या कलमात स्वयंनिर्णय, सहाव्यात प्रादेशिक अखंडता. जिब्राल्टर आणि फॉकलंडच्या वादात ब्रिटन स्वयंनिर्णयावर बोट ठेवतो, त्यांवर दावा सांगणारे स्पेन आणि अर्जेंटिना प्रादेशिक अखंडतेवर. मग 1981 चं बेलीझचं, 1983 चं सेंट किट्स-नेव्हिसचं स्वातंत्र्य पाहा. त्यानंतर लंडनची भूमिका अशी ठरत गेली की स्वातंत्र्य मागाल तर देऊ, पण स्वतःहून ढकलणार नाही. 2002 च्या कायद्याने 'परावलंबी' हा शब्द गेला, 'सागरपार प्रदेश' आला, बहुतेकांना ब्रिटिश नागरिकत्वही मिळालं. असे 14 प्रदेश आज आहेत.

पण हे सगळं 'लोकांची इच्छा' या शब्दांवर उभं आहे, आणि म्हणून हिंद महासागरातली चागोस बेटं वगळून हा विषय लिहूच नका. 1965 मध्ये, मॉरिशस स्वतंत्र होण्याआधी तीन वर्षं, ही बेटं त्याच्यापासून तोडली गेली. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ हवा होता. 1973 पर्यंत तिथली सगळी माणसं हलवली, कुणालाही विचारलं नाही. 1966 च्या एका सरकारी टिपणात त्यांचा उल्लेख 'टारझन' आणि 'मॅन फ्रायडे' असा आहे. तो वाचला त्या रात्री मला पुढे काही लिहवलं नाही. अशा कागदांसाठी लंडनला जायची ऐपत नसेल, तर परतीच्या हक्कासाठी लढणारे चागोसवासी ऑलिव्हिए बॅन्कूल यांच्या खटल्यांचे निकाल वाचा. सरकारी पत्रव्यवहाराचे उतारे त्यांत आहेत, आणि निकाल फुकट मिळतात.

त्यानंतर चागोस तोडणं बेकायदा होतं असं सांगणारं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं 2019 चं मत आणि ब्रिटन-मॉरिशसचा मे 2025 चा करार शेजारी ठेवून वाचा. करारात सार्वभौमत्व मॉरिशसला आणि दिएगो गार्सिया 99 वर्षं ब्रिटनच्या ताब्यात, असं ठरलं. वाटाघाटी दोन सरकारांच्या झाल्या. बेटांवरून हलवलेल्यांचं सार्वमत याही वेळी झालं नाही.